गावच्या मोठ्या घरासाठी लांब रेंजचा, टिकाऊ कॉर्डलेस फोन कसा निवडायचा

आमचं गावचं घर राजापूर तालुक्यात, व्हाळाच्या कडेला खोलगट जागेत आहे आणि घरात मोबाईलला रेंज नाही. सड्यावर चढलं की फोन लागतो, खाली उतरलं की गेला. आईबाबा दोघंच असतात तिथे, मी ठाण्याला. फायबर आलं तेव्हा त्याच्याबरोबर लँडलाईन नंबर मिळाला आणि मला वाटलं चला, प्रश्न सुटला, पण फोन ओटीवर आणि माणसं दिवसभर गोठ्यात, विहिरीवर, खळ्यात नाहीतर मागच्या आगरात, त्यामुळे रिंग वाजून वाजून बंद व्हायची आणि मी इकडे जीव मुठीत धरून बसायचो. तेव्हापासून कॉर्डलेसच्या मागे लागलो. पहिले दोन फोन चुकीचे निघाले, तिसरा बरोबर लागला आणि आज पाचवं वर्ष चालू आहे. ज्यांचे आईवडील गावाला एकटे असतात त्यांना हे सगळं आधीच कळावं म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट, फोन बघायला सुरुवात करायच्या आधी घर बघा. बेस, म्हणजे टेलिफोनची वायर जोडतात तो डबा, जिथे ठेवणार तिथे उभं राहून जिथे फोन लागायला हवा त्या प्रत्येक जागेकडे सरळ बघा आणि मधे भिंती किती येतात ते मोजा. अंतरापेक्षा भिंती महत्त्वाच्या. आमच्याकडे ओटीपासून विहीर साधारण शंभर फूट आहे पण मधे काहीच नाही, तिथे आवाज स्वच्छ येतो, आणि गोठा जेमतेम साठ फुटांवर आहे पण मधे माजघर, स्वयंपाकघर आणि परसदाराची भिंत अशा चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, तीन जाड भिंती, त्यावर गोठ्याला पत्रा, तिथे पहिल्या फोनला काहीच पोचत नव्हतं. चिरा सच्छिद्र असतो, पावसात पाणी पितो, आणि पाण्यातून रेडिओ लहरी नीट जात नाहीत, म्हणून मे महिन्यात जिथे फोन लागतो तिथे जुलैत लागेलच असं नाही. पत्रा, लोखंडी कपाट, पाण्याची भरलेली टाकी, फ्रीज, आरसा ह्यांच्या पलीकडे सावली पडते असंच समजा. आरसीसी स्लॅबच्या घरात सळ्यांची जाळी असते, त्यामुळे वरच्या मजल्यावर जायलाही त्रास होतो. कौलारू छप्पर आणि लाकडी पाटण मात्र फार आडवं येत नाही.

आता खोक्यावरचा आकडा. आज दुकानात जे चांगले कॉर्डलेस मिळतात ते डेक्ट नावाच्या पद्धतीवर चालतात. युरोपात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत ठरली. खोक्यावर लिहिलेलं असतं, घरात ५० मीटर, मोकळ्यावर ३०० मीटर. हे खोटं नाही, पण ३०० मीटर म्हणजे समोर काहीही नसलेलं मैदान, आणि तसं घर कोणाचंच नसतं. सगळ्या कंपन्यांचा आकडा जवळपास तोच का असतो तर डेक्टला ताकदीची मर्यादा ठरवून दिलेली आहे, जास्तीत जास्त २५० मिलिवॉट, आणि ती पण सतत नाही, एका सेकंदाचे बारीक बारीक तुकडे करून आपल्या वाट्याला आलेल्या तुकड्यातच फोन बोलतो, त्यामुळे सरासरी काढली तर १० मिलिवॉटच्या आसपास पडते. म्हणून एखादा विक्रेता सांगायला लागला की ह्याची रेंज त्याच्यापेक्षा पाचपट आहे, तर थोडं सावध व्हा. दोन चांगल्या डेक्ट फोनमध्ये फरक असतो तो अँटेनाचा आणि सर्किटच्या दर्जाचा, तो जाणवतो, पण पाचपट नसतो.

रेंज मशीनच्या ताकदीपेक्षा जागेवर किती अवलंबून असते ह्याचं मला आवडणारं उदाहरण म्हणजे आयआयटी मद्रासमध्ये प्रोफेसर अशोक झुनझुनवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेलं कॉरडेक्ट. खेड्यात तांब्याची तार न ओढता टेलिफोन पोचवायचा म्हणून त्यांनी हीच डेक्ट पद्धत घेतली, उंच टॉवरवर बेस आणि घराच्या छपरावर अँटेना, दोन्ही एकमेकांना दिसतील अशी, आणि १० किलोमीटरपर्यंत फोन चालवला. तीच पद्धत, तोच १८८० ते १९०० मेगाहर्ट्झचा पट्टा. आपल्याला घरी टॉवर उभा करायचा नाहीये, पण बेस उंच असावा आणि मोकळं दिसणारं असावं हे तत्त्व तेच.

आकड्यावरूनच अमेरिकेच्या फोनचं सांगतो कारण ही चूक खूप घरांत होते. माझ्या मावसभावाने तिकडून येताना प्रेमाने दोन हँडसेटचा सेट आणला, दिसायला देखणा, बटणं मोठी. तिकडे जो प्रकार डेक्ट ६.० म्हणून विकतात तो १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतो, आपल्याकडचा डेक्ट १८८० ते १९००. नाव सारखं वाटतं पण पट्टा वेगळा. आणि १९२० पासून पुढचा पट्टा हा मोबाईल सेवेच्या २१०० बँडवर मोबाईलकडून टॉवरकडे जाणाऱ्या सिग्नलचा, म्हणजे आपला फोन चालू असताना जवळच्या टॉवरच्या कानात आपण सतत कुजबुजत राहतो आणि दुसऱ्यांचे कॉल बिघडतात. तो इथे वापरायला परवानगी नाही. शिवाय तिकडची ताकदीची मर्यादा आपल्यापेक्षा कमी आहे, त्यामुळे जास्त रेंजच्या आशेने आणलेला फोन उलट कमीच पोचतो. अडॅप्टर १२० व्होल्टचा असला तर आपल्या २३० वर लावल्या लावल्या जळतो. आणि कॉलर आयडी दिसत नाही, कारण लाईनवरून नंबर पाठवायच्या डीटीएमएफ आणि एफएसके अशा दोन पद्धती आहेत, आपल्याकडे बऱ्याच लाईनवर तो डीटीएमएफने येतो आणि अमेरिकन फोन फक्त एफएसके वाचतो. इथे विकायला बनवलेल्या फोनला दोन्ही कळतं. तेव्हा भावाला सांगा की बाबा रे, चॉकलेट आण, फोन नको. युरोपातून किंवा इंग्लंडमधून आणलेला सेट पट्ट्याच्या दृष्टीने जुळतो, पण प्लग आणि कॉलर आयडीचा प्रश्न तिथेही येऊ शकतो.

तसंच "दहा किलोमीटर रेंज", "शेतासाठी खास" असं सांगून जास्त ताकदीचे फोन विकतात, मोठी अँटेना बेसला आणि हँडसेटलाही. हे डेक्ट नसतात, वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर भरपूर वॉटनी चालतात. आपल्या देशात रेडिओ उपकरणं वापरायला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता लागते, आणि असे फोन बहुतेक वेळा विनापरवाना आणलेले असतात. परदेशात कायदेशीर असलेला ९०० मेगाहर्ट्झचा फोनसुद्धा इथे चालत नाही कारण ९०० च्या आसपास आपले मोबाईल आहेत. वाडी फार मोठी आहे, तीन-चार एकर पलीकडे बोलायचंय, तर त्याचा मार्ग वेगळा आहे तो पुढे सांगतो, पण हे फोन घेऊ नका. पोलीस किंवा विमानाच्या लहरींमध्ये तुमच्या घरातली गोष्ट जाऊन पडली तर प्रकरण कुठल्या कुठे जाईल.

अजून एक घोटाळा म्हणजे सिमकार्डवाला "कॉर्डलेस लँडलाईन". दिसायला टेलिफोन असतो, आत मोबाईलचं सिम. जिथे मोबाईलला रेंज आहे तिथे म्हाताऱ्या माणसांना तो सोयीचा आहे, वादच नाही, पण जिथे रेंज नाही म्हणून आपण कॉर्डलेस शोधतोय तिथे तो ओटीवर शोभेला राहील. ऑनलाईन शोधताना दोन्ही एकत्रच दिसतात, म्हणून फोटोत मागच्या बाजूला टेलिफोनच्या वायरचं भोक आहे का ते बघा. आणि २.४ गिगाहर्ट्झवाले कॉर्डलेस अजून कुठे कुठे मिळतात, तेही टाळा, कारण वायफाय, मायक्रोवेव्ह सगळं त्याच पट्ट्यात गर्दी करून आहे, आवाज तुटतो. डेक्टचं आणि वायफायचं भांडण नाही.

आता मुख्य काम, बेस कुठे ठेवायचा. ह्याला एक दिवस द्या, कारण फुकटात सगळ्यात जास्त रेंज इथेच मिळते. फायबरवाला माणूस राऊटर जिथे वायर आत आली तिथे, म्हणजे बहुतेक ओटीच्या कोपऱ्यात मीटरच्या बाजूला ठोकून जातो, आणि आपण फोनचा बेस त्याच्याच शेजारी ठेवतो कारण सोबत आलेली वायर हातभर लांबीची. असं करू नका. राऊटरच्या मागे फोनचं भोक असतं, त्यातून साधी दोन तारांची टेलिफोन वायर काढून बेस घराच्या मधोमध न्या. शंभर फूट वायर सहज चालते आणि खर्च किरकोळ. आम्ही वायर माजघराच्या वाशांवरून नेली आणि बेस माळ्याच्या जिन्याजवळ, डोक्याच्या वर फळीवर ठेवला. परसदाराकडची वरची झरोक्याची जागा समोर येते, तिथे भिंत नाही, तिथून सिग्नल बाहेर पडतो. ह्या एका बदलाने गोठ्यात आवाज यायला लागला. आधी दोन महिने मी नवा फोन शोधण्यात घालवले होते.

बेस ठेवताना कपाटाच्या वर किंवा मागे नको, टीव्हीच्या मागे नको, राऊटरपासूनही हातभर तरी लांब, अँटेना असेल तर उभी. बेसवरच चार्जिंगची जागा असते म्हणून लोक तो हाताशी, टेबलावर ठेवतात. त्यापेक्षा दोन हँडसेटचा सेट घ्या. दुसऱ्या हँडसेटला वेगळी चार्जिंगची वाटी मिळते, तिला फक्त लाईट लागते, टेलिफोनची वायर लागत नाही, ती कुठेही ठेवता येते, आणि बेस मग वर कुठेही टांगला तरी अडत नाही.

एक सेटिंग आठवणीने बघा. बऱ्याच फोनमध्ये इको मोड असतो, वीज आणि लहरी वाचवायला बेसची ताकद कमी करणारा. काही फोनला त्यासाठी वेगळं बटणच असतं आणि ते चुकून दाबलं जातं, मग एकाएकी रेंज कमी झाली म्हणून आपण कंपनीला नावं ठेवतो. गिगासेटमध्ये मेनूत कमाल रेंजचा पर्याय असतो, तो चालू ठेवायचा. पॅनासोनिकमध्ये इको बंद करायचा. घेतल्याबरोबर हे तपासाच.

एवढं करूनही एखाद्या जागी आवाज तुटत असेल तर दोन उपाय. पहिला रिपीटर, म्हणजे मधे ठेवायचा छोटा डबा जो बेसचा सिग्नल घेऊन पुढे टाकतो. म्हणून विकत घेतानाच विचारा की ह्या मॉडेलला रिपीटर चालतो का आणि तो इथे मिळतो का, कारण प्रत्येक बेसला चालत नाही. गॅप नावाची एक समान पद्धत आहे, ती असेल तर वेगळ्या कंपनीचा हँडसेट किंवा रिपीटरही साधारण जुळतो, पण फोनबुक, इंटरकॉम वगैरे सगळं मिळेलच असं नाही, तेव्हा शक्यतो एकाच कंपनीचं घ्या. रिपीटर कुठे ठेवायचा ह्यात सगळे चुकतात, जिथे रेंज नाही तिथे नेऊन ठेवतात. त्याला स्वतःला बेसचा चांगला सिग्नल मिळाला तरच तो पुढे देणार ना, म्हणून जिथे आवाज अजून स्वच्छ आहे पण पुढे तुटायला लागतो त्या हद्दीच्या थोडं अलीकडे ठेवायचा. एकापुढे एक रिपीटरची साखळी बहुतेक फोनमध्ये होत नाही, बेसच्या दोन बाजूंना एकेक होतो. काही जुन्या रिपीटरना बेसचं एन्क्रिप्शन (बोलणं चोरून ऐकता येऊ नये म्हणून असलेलं कुलूप) बंद करावं लागतं, ते माहितीपत्रकात लिहिलेलं असतं.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो, त्याच लाईनवर दुसरा कॉर्डलेस. म्हणजे वायर पुढे वाढवून गोठ्याच्या किंवा पंपाच्या खोलीत वेगळा बेस. पूर्वी टेलिफोनला आपण पॅरलल काढायचो तसंच. राऊटरचं भोक दोन-तीन फोनची रिंग आरामात वाजवतं. तीन-चार एकरच्या वाडीला हाच मार्ग, एक बेस घरात, एक वाडीच्या मध्यावरच्या खोपीत लाईट असेल तर. हँडसेट दोन बेसमध्ये आपोआप उडी मारत नाही, बोलत बोलत एका हद्दीतून दुसरीत गेलात तर कॉल तुटेल, पण रिंग सगळीकडे वाजते आणि आपल्याला तेच हवं असतं. बाहेरून वायर नेताना आकाशातल्या विजेचं भान ठेवा, त्याबद्दल खाली लिहिलंय.

टिकाऊपणाचं आता. फोन बिघडतो कशाने, तर पहिल्या नंबरला सेल. माझा दुसरा फोन ह्याच कारणाने वाया गेला. त्याला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, वायर आणि पिन असलेला कंपनीचाच बॅटरी पॅक होता, दीड वर्षात बसला, आणि मग तो पॅक राजापुरात नाही, रत्नागिरीत नाही, ठाण्यातही नाही. चांगला चालणारा फोन निव्वळ बॅटरीपायी अडगळीत गेला. म्हणून दुकानात मागचं झाकण उघडून बघा. आत रिमोटमध्ये घालतो तसले बारीक, ट्रिपल ए आकाराचे दोन रिचार्जेबल सेल हवेत. असे असतील तर आयुष्यभराची चिंता मिटली, कुठेही मिळतात.

सेल निकेल मेटल हायड्राइड असतात, १.२ व्होल्टचे, फोनसोबत साधारण ५५० मिलिअँपिअरअवरचे (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) येतात. बदलताना ७५०-८०० चे चांगल्या कंपनीचे घातले तरी चालतात, फक्त चार्ज व्हायला जास्त वेळ लागेल. जाहिरातीत हजाराच्या वर आकडे लिहिलेले अगदी स्वस्त सेल घेऊ नका. दोन्ही सेल एकदमच बदलायचे, एक जुना एक नवा नाही. आणि हे घरातल्या सगळ्यांना बजावून सांगा, की किराणा दुकानातले साधे, रिचार्ज न होणारे सेल त्यात कधी घालायचे नाहीत. फोन चालू होतो, म्हणून बरोबर आहे असं वाटतं, पण चार्जरवर ठेवला की त्या सेलमध्ये करंट जातो आणि ते गळतात, कधी फुटतातही. आमच्या शेजारच्या घरी असं झालं, आतलं सर्किट हिरवं पडलं. पहिल्यांदा आणल्यावर सात-आठ तास पूर्ण चार्ज करायचा. नंतर दिवसभर चार्जरवर ठेवला तरी हरकत नाही, डेक्ट फोन ते सांभाळतात, पण चुलीजवळ किंवा उन्हाच्या खिडकीत चार्जर नको, उष्णतेने सेल लवकर मरतात. दोन-तीन वर्षांत बोलण्याचा वेळ अर्ध्यावर आला की बदलून टाका.

दुसरं म्हणजे दमट हवा. कोकणात चार्जिंगच्या पितळी-स्टीलच्या पट्ट्यांवर बुरा चढतो आणि फोन चार्जरवर ठेवूनही सकाळी मेलेला सापडतो. फोन बिघडला असं समजून लोक टाकून देतात. शाळेतल्या खोडरबराने हँडसेटच्या आणि चार्जरच्या पट्ट्या घासा, कोरड्या फडक्याने पुसा, बस. पावसाळ्यात महिन्यातून एकदा. पाण्याला आणि धुळीला पुरणारे हँडसेटही असतात, त्यावर आयपी ६५ असं लिहिलेलं असतं, पहिला ६ म्हणजे धूळ अजिबात जात नाही आणि ५ म्हणजे पाण्याची धार चालते, पाण्यात बुडवणं नाही. गिगासेटचा ई ६३० तसा होता. इथे मिळाला आणि परवडला तर गोठ्यासाठी उत्तम. नाहीतर साधा हँडसेट झिपच्या जाड पिशवीत घालून खिशात ठेवायचा, आवाज थोडा दबतो पण बोलता येतं. बाबा जूनपासून तसाच वापरतात. मागे क्लिप असलेला हँडसेट बघा, कमरेला लावता येतो. दोरीसाठी भोक असेल तर अजून चांगलं, विहिरीवर वाकताना खिशातून फोन पडतो.

बटणं रबरी, मोठी, अंधारात उजळणारी घ्या. गुळगुळीत काचेचा स्क्रीनवाला दिसतो छान पण ओल्या हाताला उपयोगाचा नाही. रिंगचा आवाज दुकानात वाजवून बघा, गोठ्यात आणि पंपाच्या आवाजात ऐकू जायला हवी. स्पीकरफोन हवाच. ऐकायचं यंत्र वापरणाऱ्यांसाठी काही मॉडेल हिअरिंग एड जुळणारी असतात, तसं लिहिलेलं बघा. इंटरकॉम ही गोष्ट आधी मला फालतू वाटायची, आता वाटतं की रोजचा खरा उपयोग तोच आहे, आई स्वयंपाकघरातून गोठ्यात बाबांना चहाला बोलावते, ओरडावं लागत नाही, आणि ह्याचं बिल येत नाही. फक्त लक्षात घ्या, दोन हँडसेट बोलतात ते बेसमधूनच, म्हणजे बेस बंद तर इंटरकॉमही बंद.

ह्यावरून लाईटचा विषय. जुन्या तांब्याच्या लाईनवरचा साधा फोन एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टवर चालायचा, गावात अंधार असला तरी फोन लागायचा. कॉर्डलेसला बेससाठी घरची लाईट लागते आणि फायबर असेल तर राऊटरलाही. म्हणजे लाईट गेली की दोन्ही गप्प. आमच्याकडे पावसात लाईट गेली की दुसऱ्या दिवशीच येते. इन्व्हर्टर असेल तर राऊटर आणि बेस दोन्हीचे प्लग त्यावर घ्या, नुसता बेस घेऊन उपयोग नाही. इन्व्हर्टर नसेल तर राऊटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो, आणि त्याच्याबरोबर एक साधा वायरवाला फोन लाईनला जोडून ठेवा, त्याला वेगळी वीज लागत नाही, राऊटर चालू असेपर्यंत तो चालतो. काही पॅनासोनिक मॉडेलमध्ये लाईट गेल्यावर चार्ज असलेला हँडसेट बेसवर ठेवला की तोच बेसला वीज देतो, मग दुसऱ्या हँडसेटवरून बोलता येतं. दोन हँडसेट असतील तरच उपयोगी, पण फार कामाची सोय आहे, असेल तर दोनशे-पाचशे जास्त द्या.

विजेचा कडकडाट. तांब्याच्या लाईनवर मे महिन्याच्या शेवटी वळवाच्या पावसात किती फोन जळायचे ते गावाकडच्या कोणालाही विचारा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण अडॅप्टरमधून, आणि तुम्ही गोठ्यापर्यंत बाहेरून ओढलेल्या वायरमधून येऊ शकते. ती वायर खांबांवरून लोंबती न नेता पाइपात घालून जमिनीतून न्या, आणि गडगडायला लागलं की गोठ्याकडची पिन राऊटरकडून काढून ठेवा. अजून तांब्याचीच लाईन असेल तर चांगल्या अर्थिंगला जोडलेला लाईन प्रोटेक्टर लावाच. कडकडाट चालू असताना वायरवाल्या फोनवर बोलू नका, कॉर्डलेसवर तो धोका नाही, हा त्याचा एक मोठा फायदा.

कोणाला वाटेल एवढं कशाला, वायफाय कॉलिंग आहे ना, म्हणजे मोबाईलचा कॉल घरच्या वायफायवरून. एअरटेलने २०१९ च्या डिसेंबरात आणि जिओने २०२० च्या जानेवारीत ते सुरू केलं आणि ज्यांच्याकडे चालणारा मोबाईल आहे त्यांना घरात ते खरंच छान चालतं, माझा मोबाईल गावी गेल्यावर त्यावरच असतो. पण एका राऊटरचं वायफाय चिऱ्याच्या दोन भिंतींपलीकडे दम टाकतं, गोठ्यापर्यंत डेक्टच पोचतो, आणि सत्तरी पार केलेल्या माणसाला हिरवं बटण दाबलं की बोलायचं, लाल दाबलं की ठेवायचं, हेच बरं पडतं. दोन्ही ठेवा.

कंपनी कुठली, तर पॅनासोनिक, गिगासेट, बीटेल, मोटोरोला ही नावं दिसतील. गिगासेट म्हणजे पूर्वीची सीमेन्सची फोनची शाखा, ती २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि नंतर व्हीटेकने घेतली, त्यामुळे त्यांचा फोन घेताना इथे सर्व्हिस कोण देतं ते आधी विचारून घ्या. बाकीच्यांचंही तेच, तालुक्याला किंवा जिल्ह्याला सर्व्हिस सेंटर आहे का, आणि अडॅप्टर सुटा मिळतो का. अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती मिलिअँपिअर लिहिलंय त्याचा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, कारण तो गेला की बाजारातला भलताच जोडून लोक बेस जाळतात.

घरी आणल्यावर परत करायच्या मुदतीत चाचणी घ्या. एकाला फोन लावून बोलत ठेवा आणि आकडे मोठ्याने मोजत चाला, गोठा, विहीर, खळं, आगराचं टोक, समोरच्याला सांगायचं की कुठला आकडा तुटला ते लिहून ठेव. चालताना हँडसेट बेसकडच्या कानाला धरा आणि मग दुसऱ्या, मधे आपलं डोकं आलं तरी हद्दीवर फरक पडतो. कोरड्या दिवसात जिथे जेमतेम लागतंय ती जागा पावसात गेली असं धरून चाला, आणि भरपावसात परत एकदा चाचणी घ्या.

नंबर भरताना मोबाईलच्या आधी शून्य घाला. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला लावताना शून्य लागतं, मोबाईलमधून बघून जसेच्या तसे नंबर भरले तर ऐनवेळी फोन लागत नाही आणि म्हातारी माणसं घाबरून जातात. स्पीड डायलवर १ ला मी, २ ला शेजारचं घर, ३ ला डॉक्टर असं आम्ही ठेवलंय, आणि तीच यादी जाड अक्षरात लिहून चार्जरच्या वर भिंतीला चिकटवलीय. महिन्यातून एकदा आई त्या तिन्हीवर फोन लावून बघते. सेल आम्ही दर दुसऱ्या गणपतीला बदलतो, तेव्हा सगळे घरी असतात, बाबांनी झाकणाच्या आतून बॉलपेनने तारीख लिहून ठेवलीय.